पान जुळत नाही

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४
सकाळी सव्वादहा, अलिबाग

दादास सलाम,

आत्ता सव्वादहा वाजलेत. मी पाळकसाहेबांच्या घरी, हेमांगीबाईंच्या पुढच्या खोलीत तुझ्या जुन्या पवित्र शास्त्राचं एक सुटं पान खिडकीच्या काचेवर धरून त्याच्या ओळी मोजत होतो. पत्राची सुरुवात आधी 'साष्टांग नमस्कार' अशी केली होती. बाई म्हणाल्या, आम्हा ख्रिस्ती लोकांत सलाम लिहितात. म्हणून तो कागद बाजूला ठेवून हा नवा घेतला. नंदुरबारला तू पाळकाचं शिकतोस तिथला पत्ताही त्यांनीच दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तीन रविवार मागे लागलो होतो. फोन तू सगळ्यांचेच बंद केलेत.

घरचं काही लिहिणार नाही. फक्त पुस्तकाबद्दल लिहितो, म्हणजे तू पत्र पुरं वाचशील.

सोबतचं पुस्तक तुझ्यासाठी आहे. पाळकसाहेबांनी शेवटच्या आजारात तुला दिलेलं इंग्रजी बायबल, जुन्या टिपांचं, त्याच्याऐवजी. ते पुस्तक हल्ली पुन्हा छापतात आणि एक नाही, तीन जण छापतात. टिपा लिहिणारे जाऊन शंभर वर्षं होत आली, त्यामुळे आता कोणीही छापू शकतं, असं बाई म्हणाल्या. वरचं नाव तिघांचंही एकच. आत काय केलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

मोजायला माझ्याकडे मूळ पानं आहेत. तुझ्या पुस्तकाचा एक फर्मा, एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, शिवणीतून सुटला होता. तो चिकटवायला म्हणून पाळकसाहेबांनी टेबलाच्या खणात ठेवला होता आणि तो तिथेच राहिला. सोळा कागद, पान ८६१ ते ८९२. बाकीचं कुठे गेलं ते तुला माहीत आहे.

मी पान ८७६ निवडलं, कारण त्यावर तळटिपा जास्त आहेत. नव्या पुस्तकात त्याच टिपा शोधल्या आणि खाली पट्टी धरून एकेक शब्द बघितला. सगळे शब्द तेच निघाले. दहावीला इंग्रजीत मी दुसऱ्या खेपेला सुटलो हे तुला ठाऊक आहे. पण शब्द तोच आहे की नाही, हे बघायला अर्थ कळावा लागत नाही. अक्षर मोठं आहे, कागद पांढरा आहे, शिवण दोऱ्याची आहे. सीटकव्हरच्या दुकानात पाच वर्षं काढल्यावर शिवण कळते.

आता एक गोष्ट घरची आहे, पण ती पुस्तकाचीच आहे म्हणून लिहितो.

गेल्या वर्षीच्या गणपतीत ऋत्विकने स्टेटसला टाकलेला व्हिडिओ तू पाहिलास. खाडीवर बँजो वाजतोय, पोरं नाचताहेत आणि आई तुझं शास्त्र पाण्यात सोडतेय. वर ऋत्विकने लिहिलं होतं, 'दादाचा देव पण चालला'. तो आपला चुलतभाऊ आहे आणि गाढव आहे. आईला ते वाचताही येत नाही. व्हिडिओत जे नाही ते सांगतो. जुलैत जाताना तू पुस्तक कापडात बांधून माळ्यावर ठेवलंस आणि म्हणालास, "आये, हे नीट ठेव." श्रावणात माळ्याला वाळवी लागली. पुठ्ठा गेला, पाठ गेली, हात लावला की पानं गळायची. आईने दोन दिवस ते मांडीवर घेऊन विचार केला. भंगलेली मूर्ती घरात ठेवत नाहीत आणि फाटकी पोथी उकिरड्यावर टाकत नाहीत. आजोबांची पोथी तिने जशी सोडली होती तशीच हीसुद्धा सोडली. नव्या ब्लाउजपिसात गुंडाळून, हळदकुंकू लावून, गौरीबरोबर. त्या दिवशी तिने उपास धरला होता. मी बाजूलाच होतो. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

तिला हे पत्र माहीत नाही.

आपल्या कल्पिताचं लग्न ठरलंय. १५ फेब्रुवारीला हळद, १६ ला लग्न. हे लिहायचं नव्हतं. पण कागद संपत आला आणि खोडाखोड मला आवडत नाही.

तुझा,
प्रणय


रविवार, ८ डिसेंबर २०२४
दुपारी दोन, घरी

दादास सलाम,

पुस्तक परत आलं. तुझी चिठ्ठीही मिळाली. 'पान जुळत नाही.' बाकी काही नाही, खाली सहीसुद्धा नाही. पण अक्षर तुझंच.

चूक माझीच. शब्द सगळे बघितले, पण ते कुठल्या पानावर आहेत हे बघितलंच नाही. ते पुस्तक नव्याने जुळवून छापलंय. आपल्या ८७६ वरचा मजकूर तिथे १,०९४ वर गेलाय. दोन रकान्यांचा एकच केलाय आणि मधली बारीक संदर्भांची पट्टी उचलून मागे नेऊन ठेवलीय. पाळकसाहेब तुला अध्याय सांगायचे नाहीत, पान सांगायचे, हे मला आठवायला हवं होतं. तू माळ्यावर डोळे मिटून बसायचास आणि मी खालून नंबर ओरडायचो. तू म्हणायचास, उजवं पान, डावा रकाना, खालून चौथी ओळ. मग मी चढून बघायचो. तू कधी चुकला नाहीस. जागा हलली की तुझं पाठांतरच हलणार.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की आईला माहीत नाही. ते खरं नव्हतं. पुस्तकाला प्लास्टिकची पिशवी तिनेच गुंडाळली होती. पार्सल परत आलं तेव्हा मी पडवीत डोकं धरून बसलो होतो. ती भाजी विकून आली होती. पाटी खाली ठेवून म्हणाली, "काय झाला रं?"

"परत पाठवलं दादाने."

"काय लिवलाय का त्यात?"

मी वाचून दाखवलं. ती हसली. खरंच हसली. "म्हंजे उघरला त्याने. न उघरता पान कसा बघल? सव्वा वरीस झाला, पयल्यांदा तो आपल्या घराशी बोलला."

"आये, हे काय बोलणं आहे का?"

"तुझा बापूस बोलतो त्यापरीस तरी जास्तीच हाय."

हे बाबांनी ऐकलं. तू बाप्तिस्मा घेतलास तेव्हा आठ दिवस ते ताटावर गप्प होते आणि नवव्या दिवशी तुझ्याकडेच मीठ मागितलं होतं, तसंच समज.

आता दुसरं पुस्तक पाठवतोय. हे फोटो काढून छापलेलं आहे. म्हणजे कुणाच्या तरी जुन्या प्रतीचं पानन् पान यंत्राने टिपून तसंच्या तसं उतरवलंय. ८६१ ते ८९२, बत्तीसच्या बत्तीस पानं माझ्याकडच्या पानांना लावून बघितली. नंबर जुळतात, रकाने जुळतात, मधली संदर्भांची पट्टी जागेवर आहे. दोष आहेत, ते आधीच सांगतो. छपाई थोडी फुटलीय, इंग्रजी e आणि c काही ठिकाणी सारखेच दिसतात. पान पातळ आहे, मागची अक्षरं पुढे दिसतात. आणि शिवण नाहीच, नुसता गोंद आहे. टेबलावर उघडं ठेवून हात काढला की आपोआप मिटतं. तू चर्चमध्ये उभा राहून एका हाताने बोलणार, तर दुसरा हात त्याच्यातच अडकेल.

मी दुकानात नेऊन शिवायचं म्हणत होतो. धर्माशेठने हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "ही काय डंपरची सीट हाय? आन् सुई घातलीस आन् भोकातून पान फाटला तर कोनाच्या देवाला तोंड देशील?" म्हणून तसंच पाठवतोय.

कल्पिताने विचारलंय, तू अजून भात डाव्या हाताकडून खायला सुरुवात करतोस का. हिचं डोकं फिरलंय. पण तिने लिही म्हटलं म्हणून लिहिलं.

तुझा,
प्रणय


रविवार, ५ जानेवारी २०२५
संध्याकाळी पाच, घरी

दादास सलाम,

दुसरंही आलं. 'शेवटची ओळ कापली आहे. ८९७. अजून असतील.' आईने मला चिठ्ठी दोनदा वाचायला लावली. "आता जरा जास्तीच लिवलाय," म्हणाली. मागच्यापेक्षा लांब आहे, हे तिला कागद बघून कळलं.

तू म्हणतोस ते खरं आहे. माझ्याकडची पानं ८९२ ला संपतात, त्यामुळे पुढचं मी बघितलंच नव्हतं. आता पहिल्या पानापासून बघितलं. जिथे तळटीप पानाच्या अगदी खालपर्यंत येते, तिथे कापताना शेवटची ओळ गेलीय. अशी नऊ पानं आहेत. वाक्य मध्येच तुटतं. नुसतं चाळणाऱ्याला हे कळणारच नाही. तुला आठवड्याच्या आत कळलं.

मग मी तिसऱ्याच्या मागे लागलो. ते ऑनलाइन नव्हतं. हेमांगीबाईंनी मुंबईतल्या एका दुकानाचं नाव दिलं, फोर्टात, परदेशी धार्मिक पुस्तकं ठेवतात. शुक्रवारी सुट्टी घेतली, मांडव्याहून बोटीने गेटवेला गेलो. सोळा सुटे कागद पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये घालून शर्टाच्या आत ठेवले होते. बोटीवर पाणी उडतं म्हणून आतच बसलो. सीगलना कुरकुरे घालायला सगळे बाहेर होते, मी एकटाच आत.

दुकान हेतलबेन नावाच्या बाई चालवतात. पुस्तक काचेच्या कपाटात होतं. मी विचारलं, खिडकीजवळ नेऊन बघू का. त्या म्हणाल्या, "बघा ना, बघायचे पैसे नाय." मी एकेक पान काढून त्याच्या पानावर ठेवायला लागलो. तासाभराने त्या जवळ आल्या. "भाई, तुम्ही पुस्तक घेताय की जमीन मोजताय?"

मी म्हटलं, भावासाठी आहे, त्याला जागेवर लागतं सगळं.

"पादरी आहे भाऊ?"

"हो. म्हणजे शिकतोय."

"आणि तुम्ही?"

"आम्ही आगरी. गणपतीवाले."

त्यांनी खुर्ची आणून दिली.

दादा, ते जुळलं. पान ८७६ मी त्या दुकानाच्या काचेवर धरलं आणि पुस्तकाचं तेच पान त्याच्यामागे धरलं, तर ओळीवर ओळ बसली. जणू एकच पान आहे. हे फोटो काढलेलं नाही, जुन्या साच्यावरून नीट छापलंय, अक्षर कोरल्यासारखं आहे. शिवण दोऱ्याची, कुठेही उघडा, पडून राहतं. कागद पातळ आहे, पण मागचं दिसत नाही. नवीन प्रस्तावना घातलीय, पण तिला वेगळे आकडे दिलेत, म्हणून पुढचे नंबर हललेले नाहीत. किंमत आत्ता लिहीत नाही. घेतलं.

पण ते या पत्रासोबत आलेलं नाही, हे तुला दिसलंच असेल.

घरी आलो तर आई चुलीपुढे होती. मी सगळं सांगितलं, उद्याच पाठवतो म्हणालो. तिने विस्तव मागे ओढला. "नको धारू."

"का?"

"बरोबरचा पुस्तक त्याच्याकरं पोचला तर तो ठेवून घेल. मंग चिठ्ठी बंद. मंग तो कशाला बोलतोय?"

"आये, असं करू नये. त्याच्या हक्काचं आहे ते."

"हक्काचा हाय तर येऊन घेईल. इथं ठेव. हळदीला ये म्हनावा, घेऊन जा म्हनावा."

मला हे पटलेलं नाही. ओलीस ठेवल्यासारखं वाटतं. तू एक शब्द लिहिलास की मी तिला न सांगता पाठवून देईन. पण मग हेही सांगायला हवं की ती हे का म्हणते. आई गेली तीस वर्षं सगळ्या गावाच्या हळदीला धवले गाते, हे तुला सांगायला नको. घरातल्या एकेकाचं नाव गाण्यात घेते, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघते आणि मगच पुढची ओळ उचलते. कल्पिताच्या हळदीला तिने दुसऱ्या धवलारणीला सुपारी दिलीय. कुणी कारण विचारलं तर सांगते, घसा बसलाय. मला म्हणाली, "थोरल्या भावाचा नाव घेऊन कनाच्या तोंडाकरं बघू? मांडवाच्या खांबाकरं?"

हेमांगीबाईंकडे आज सकाळी गेलो होतो. मी त्यांना विचारलं, तुमच्यात शास्त्र जुनं झालं, फाटलं की काय करतात? त्यांनी मला आतल्या खोलीत नेऊन पत्र्याची पेटी उघडून दाखवली. त्यात त्यांच्या सासूबाईंचं, आईचं, पाळकसाहेबांचं लहानपणचं, सगळी फाटकी शास्त्रं आहेत. "टाकवत नाही आणि काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. कोणी म्हणतं पुरावं. मी पेटीत ठेवते आणि झाकण लावते." मग म्हणाल्या, "तुझ्या आईने निदान ठरवून काहीतरी केलं रे."

हे तुला लिहू का, असं विचारलं. लिही म्हणाल्या.

तुझा,
प्रणय


रविवार, २६ जानेवारी २०२५
सकाळी साडेआठ, पोयनाड, दुकानात

दादास सलाम,

तुझं कार्ड मिळालं. आम्ही पुस्तक पाठवलेलं नसताना आलेलं हे पहिलंच. 'तिसऱ्यात नव्या कराराची अक्षरं लाल आहेत का? पाळकसाहेबांचं सगळं काळं होतं.'

मी लगेच उघडून बघितलं. माझी पानं जुन्या करारातली आहेत, मागचा भाग मी फक्त नंबरांसाठी चाळला होता. तेव्हा कसं दिसलं नाही कोण जाणे, लाल तर डोळ्यांत भरतं. हो, आहेत. प्रभूचे शब्द आहेत तिथे तिथे लाल. पानं हललेली नाहीत, ओळ हललेली नाही, फक्त शाई बदलते. तरी ते तुझ्या पुस्तकासारखं नाही हे खरंच. तिघांपैकी एकही पुरतं तसं नाही. हे मी लपवू शकलो असतो, कारण पुस्तक इथेच आहे. पण तू विचारलंस.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "लाल म्हंजे काय वाईट? कुकू लालच हाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला आवरत न्हाय का लाल?" तिचा चेहरा पडला होता. मी सांगितलं, आवडण्याचं नाही, त्याच्या गुरूचं तसं नव्हतं. तिला ते लगेच पटलं. तिच्या सासूने शिकवलेल्या गाण्यातला एक शब्दही ती कुणाला बदलू देत नाही.

दुसरं पुस्तक, गोंदवालं, तसंच पडून होतं. कापलेल्या नऊ ओळी आता तिसऱ्यात सापडतात. म्हणून मी त्या बारीक टोकाच्या पेनाने नऊही पानांखाली लिहून काढल्या. जागा अगदी कमी होती. आधी कोऱ्या कागदावर दहा-दहा वेळा लिहिल्या, मग पुस्तकात. दोन जणांकडून तपासून घेतल्या, हेमांगीबाईंकडून आणि त्यांच्या नातीकडून. मग धर्माशेठ दुकानात नव्हते तेव्हा गोंद काढून ते शिवलं. आता उघडं राहतं. परत आल्यावर त्यांनी बघितलं आणि मला हाक मारली, "ए देवाच्या शिंप्या, ट्रकवाला खोळंबलाय!" रागावले नाहीत.

आता आईचा निरोप. तिने सांगितला तसाच लिहितो, शब्द सुधारत नाही.

"पोरा, मी फेकला न्हाय. सोरला. तू नीट ठेव बोल्लास, मना त्याहून नीट कराचा ठावं नव्हता. तुला इचाराला पायजे होता, ता माझा चुकला. आता नवीन हाय माझ्याकरं. हा पन एक दिस जुना व्हनार. वाळवी काय धरम बघत न्हाय. तवा काय कराचा, ता तू येऊन सांग. पत्रान नको, तोंडाने सांग. न सांगशील तर मी परत माझे मनानेच करीन."

शेवटचं वाक्य तिने हसत सांगितलं, पण मला त्याची भीती वाटते.

तुला पाटावर बसावं लागणार नाही. हळद लावून घ्यावी लागणार नाही, देवकाला हात लावावा लागणार नाही. बाबांशी मी बोललोय. ते म्हणाले, "मांडव माझा हाय. कनी कुठं उभा रव्हायचा ता मी बघीन." मग विचारत होते, नंदुरबारकडे टेम्पोला कांद्याचं भाडं मिळतं का. मी म्हटलं, माहीत नाही. म्हणाले, "सहज इचारला."

हळद शनिवारी संध्याकाळी पाचला आहे. आई दुसऱ्या धवलारणीची सुपारी अजून परत घेत नाही.

तुझा,
प्रणय


मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५
सकाळी सात, घरी

दादास सलाम,

मांडव सोडलाय. खुर्च्या ऋत्विकने एकट्याने टेम्पोत चढवल्या. तू त्याला रागावला असतास तर त्याला बरं वाटलं असतं. तो "दादा, तो स्टेटस..." म्हणेपर्यंत तू "जा, म्हाताऱ्यांना पाणी दे" म्हणालास. तेव्हापासून तो काम करतोय, थांबतच नाही.

तू गेल्यावर जे झालं ते तुला कळावं म्हणून लिहितो आणि तू असताना जे झालं तेही थोडं लिहितो, कारण तू मांडवाच्या कडेला उभा होतास आणि तुला सगळं दिसलं नसेल. एसटीतून पिशवी घेऊन उतरलास, तेव्हा आई ओटीवर हळद कालवत होती. तिने वर बघितलं आणि दुसरी धवलारीण जिथे बसली होती तिथे जाऊन म्हणाली, "वैनी, जरा सरक." एवढंच. सुपारी तिच्याकडेच राहू दिली. तुझं नाव तिने दोनदा घेतलं. गाण्यात ते एकदाच येतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्या वैनीच्या आलं, तिने माझ्याकडे बघितलं.

माळ्यावर मी तिसरं पुस्तक तुझ्या हातात दिलं. तू डोळे मिटलेस, मी म्हटलं ८७६. तू उघडलंस आणि डावा रकाना, खालून चौथ्या ओळीवर बोट ठेवलंस. मग मागे जाऊन लाल अक्षरं बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं, नको म्हणशील. दुसरं, शिवलेलं, मागितलंस. माझ्या नऊ ओळी एकेक वाचल्यास. एका ठिकाणी थांबलास. चूक निघाली असं वाटलं. तू म्हणालास, "छापल्यापेक्षा बरं आहे."

आईला तू काय सांगितलंस ते मी खालून ऐकलं. ऐकायला नको होतं, पण जिन्याखालीच मी भांडी मोजत होतो. ती म्हणाली, "बोल आता, जुना झाला की काय कराचा?" तू म्हणालास, "मलाही माहीत नाही गं आये. विचारून सांगतो." आई म्हणाली, "म्हंजे परत यावा लागल." तू हसलास. ते हसणं मी ओळखलं.

आणि रविवारी रात्री कल्पिताची पाठवणी झाल्यावर तू पिशवी भरलीस. काल पहाटे तू गेल्यावर मी माळ्यावर चढलो. तिसरं पुस्तक तिथेच होतं. मला वाटलं विसरलास. धावत स्टँडवर निघालो होतो. आईने पडवीतूनच हाक मारली, "कुठं चाललास? त्याने ठेवलाय तो. मना बोल्ला, आये, हे नीट ठेव."

मग मी बघितलं, तर शिवलेलं पुस्तक नव्हतं. ते तू नेलंस.

आईने माळा झाडून कडुलिंबाचा पाला अंथरलाय. कोपऱ्यांना रॉकेल लावलंय, वास घरभर सुटलाय. दर रविवारी कापड सोडून बघणार आहे, वाळवी आहे का. मला म्हणाली, तू पण एक पान वाचून दाखव. मी म्हटलं, मला अर्थ लागत नाही. म्हणाली, "मना कुठं लागतो? जागा बघू."

झालेला खर्च आणि राहिलेलं देणं खाली लिहितो. तू विचारला होतास, म्हणून.

पहिलं पुस्तक, रु. १,१५०. अक्षर मोठं म्हणून हेमांगीबाईंना दिलं, त्यांचे डोळे अधू झालेत. पैसे घेतले नाहीत.
दुसरं, रु. ७८०. तुझ्याकडे आहे.
तिसरं, रु. ५,४००. आईकडे आहे.
टपाल, रु. २६५. परतीचं टपाल तू भरलंस, ते यात नाही.
बोट आणि बस, जाऊन-येऊन, रु. ४६०.
दोरा आणि सुई, रु. ४०.
एकूण, रु. ८,०९५.

यातले तीन हजार आईने धवल्यांच्या पैशांतून दिले, ते परत घ्यायचे नाहीत म्हणते. दोन हजार बाबांनी माझ्या शर्टाच्या खिशात ठेवले होते, कधी ते कळलं नाही. ते बाबांचं देणं म्हणून लिहून ठेवलंय. बाकीचे माझे.

हेमांगीबाईंना देणं, सोळा सुटे कागद. या रविवारी नेऊन देईन, त्यांच्या पेटीत ठेवायला.

तुझ्याकडून येणं, पोचल्याची चिठ्ठी.

तुझा,
प्रणय